फाटकापाशीच थांबलेला मुलगा

एका आईंचं पत्र आलं आहे. त्यांचा धाकटा मुलगा ७ वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. तो मोजके शब्द बोलतो, पण सांगितलेलं बरंचसं त्याला समजतं. थोरली मुलगी १० वर्षांची. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत चौघं वॉटर पार्कला गेले होते. त्या लिहितात, “फाटकाजवळ एक नळ ठिबकत होता. हा त्याच्यापुढे उकिडवा बसला. २० मिनिटं हलेना, शेवटी उचलून आत नेलं.” आत मोठ्यानं लावलेली गाणी, घसरगुंड्यांवरचा आरडाओरडा, अंगाला चिकटलेले ओले कपडे. अर्ध्या तासात त्यानं स्वतःच्या हाताला चावे घेतले आणि जमिनीवर पडून किंचाळायला लागला. लोक बघत उभे राहिले. सगळे परत फिरले. मुलगी वाटभर गप्प होती. आता पुन्हा सुट्टी आली आहे. सासूबाई म्हणतात, “गर्दीत नेत राहा, सवय होईल.” नवरा म्हणतो, “मी त्याला घेऊन घरी थांबतो, तू तिला घेऊन जा.” आईंचा प्रश्न आहे: “इतर कुटुंबांसारखी एक तरी सहल आमच्या वाट्याला यावी, असं वाटणं चूक आहे का? मी त्याला कसं तयार करू?”

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या नळापाशीच थांबले.

तुम्ही ते वाक्य तक्रार म्हणून लिहिलं आहे, दिवस बिघडायला कुठून सुरुवात झाली ते सांगण्यासाठी. मला मात्र अख्ख्या पत्रात तेवढंच वाक्य आनंदाचं वाटलं. नळाच्या तोंडाशी थेंब धरतो, फुगतो, लांबतो, सुटतो, खाली टप् वाजतो आणि लगेच दुसरा धरायला लागतो. आवाज एकच, तोही हळू, आणि पुढे काय होणार ते पक्कं ठाऊक. आतला कल्लोळ फाटकापर्यंत ऐकू येतच असणार. त्यातून स्वतःला झेपेल आणि आवडेल अशी एक जागा त्यानं शोधून काढली आणि तो तिथे २० मिनिटं रमला. त्याची सहल तिथेच झाली होती. ती फाटकाबाहेर झाली, म्हणून कुणाच्या ध्यानात आली नाही.

दोष द्यायला हे लिहीत नाही. तिकिटं काढलेली, लेक हात ओढतेय, मागची माणसं खोळंबलेली. तुमच्या जागी मी असते तर मीही त्याला उचललंच असतं. पण यंदाचा सगळा बेत त्या नळापासून आखायचा, असं माझं म्हणणं आहे.

सहलीची इच्छा चूक आहे का, असं तुम्ही विचारलंत. अजिबात नाही. फक्त ती इच्छा एकदा उलगडून बघा. त्यात बऱ्याच गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात: चौघांनी बरोबर असणं, एकाच ठिकाणी असणं, दिवसभर असणं, सगळ्यांनी तेच करणं आणि शेवटी हसऱ्या चेहऱ्यांचा एक फोटो. यातलं तुम्हाला खरोखर काय हवंय? माझा अंदाज आहे की बरोबर असणं हवंय. बाकीचं सगळं आपण दुसऱ्यांच्या सहली बघून उचललेलं असतं आणि ते सोडता येतं. “त्याला कसं तयार करू” या प्रश्नातही सहल कशी असते ते ठरलेलंच आहे आणि बदलायचं आहे ते मुलानंच, असं धरलेलं दिसतं. थोडी तयारी त्याची करावी लागेल. त्याहून जास्त बेताची करावी लागेल.

आता सासूबाईंचं. त्या मायेनंच म्हणतात, तेव्हा वाद घालण्यापेक्षा त्यांना कारण समजावून सांगितलेलं बरं. आवाज, स्पर्श, उजेड, वास यांना नेहमीपेक्षा खूप जास्त किंवा खूप कमी प्रतिसाद देणं हे ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच येतं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ साली निघाली, तिच्यात ते स्पष्ट घातलं आहे. म्हणजे कान झाकणं हा हट्ट नाही की लाडाचा परिणामही नाही. आणि सवयीचं म्हणाल, तर २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास त्यांना जरूर सांगा. ऑटिझम असलेल्या मुलांच्या हाताला खरखरीत लोकर घासली, कानावर रहदारीचा गोंगाट घातला आणि त्या वेळी मेंदूत काय घडतं ते स्कॅनरमध्ये पाहिलं. अशा साध्या त्रासाला मेंदू सहसा थोड्या वेळात सरावतो, त्याचा प्रतिसाद ओसरतो. ज्या मुलांना संवेदना फार तीव्रपणे जाणवत होत्या, त्यांच्या मेंदूत तो तसा ओसरत नव्हता. “अजून दहा मिनिटं थांब, होईल सवय,” असं आपण म्हणतो, तेव्हा ती दहा मिनिटं अशा मुलासाठी नुसती त्रासाची असू शकतात.

तरी त्यांच्या बोलण्यातलं एक खरं आहे. घरात कोंडून घेऊन काही साधत नाही. ओळखीच्या जागी या मुलांना हायसं वाटतं, आणि ओळख व्हायची तर पुन्हा पुन्हा जावंच लागतं. फक्त मात्रा लहान हवी आणि निघण्याचा हक्क मुलाच्या हाती हवा. माझ्या परिचयातलं एक कुटुंब पहिल्या दिवशी बागेच्या फाटकाला हात लावून परत आलं. दुसऱ्या खेपेला पहिल्या बाकापर्यंत गेलं. घरचे हसले त्यांना, की ही कसली बाग बघणं. तिसऱ्या आठवड्यात त्या मुलीनं आपण होऊन आईचं बोट सोडलं आणि ती झोपाळ्याकडे चालत गेली. पहिल्या दिवशी झोपाळ्यावर बसवलं असतं, तर पुढची खेप झाली असती का, मला शंका आहे.

तुमच्या नवऱ्याच्या उपायात थकवा आहे, तशी समजूतही आहे. मी त्यांच्या बाजूनं अर्धी आहे. तुमच्या लेकीला गाणी, घसरगुंड्या आणि भिजणं, सगळं मनसोक्त मिळायला हवं, आणि ते भावाकडे एक डोळा ठेवून मिळत नाही. “वाटभर गप्प होती” हे शब्द तुम्ही सहज लिहून गेलात, पण तिनं त्या दिवशी बरंच गिळलं असणार. तेव्हा तिच्यासाठी एक दिवस वेगळा काढाच, अगदी निःशंक मनानं. मात्र मागे राहणारे दरवेळी तेच दोघं असतील, तर वर्षभरात तो घराचा नियम होऊन बसतो. म्हणून आलटून-पालटून जा. आणि मुलाबरोबर राहणाऱ्यानं त्याला घेऊन नुसतं घरी थांबू नये. त्या दिवशी त्या दोघांचीही एक छोटी सहल असू दे, त्याच्या मापाची.

ते माप कसं काढायचं? आठ दिवस एक वही ठेवा. दोनच रकाने पुरतात: तो कशाकडे ओढला जातो आणि कशापासून पळतो. मिक्सर लागला की कान झाकतो का? फिरत्या पंख्याकडे टक लावून बघतो का? गादीवर उड्या मारून शांत होतो की आणखी चेकाळतो? अनवाणी पाय गवतावर टेकतो की उचलून धरतो? ऊन डोळ्यांवर आलं की तोंड फिरवतो का? वहीत उलटसुलट नोंदी आल्या तरी गोंधळू नका. स्वतः कर्कश ओरडणारं मूल शेजारच्या शिंकेनं दचकू शकतं, कारण स्वतःचा आवाज कधी सुरू होणार आणि कधी थांबणार ते त्याला ठाऊक असतं. मुलाचे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजच्या कामांचा आणि संवेदना सांभाळण्याचा सराव करून घेणारे तज्ज्ञ, असतील तर वही त्यांना दाखवा. “गर्दीत त्रास होतो” यापेक्षा अशा नोंदी त्यांच्या कितीतरी जास्त उपयोगी पडतात.

मग ठिकाण वहीतून निवडा. तुमच्या मुलाला पाणी आवडतं, तेव्हा पाणी राहू दे, फक्त कल्लोळ वगळा. उथळ टब, अंगणात झाडांना सोडलेली पाण्याची नळी, सकाळच्या पहिल्या तासातलं तलावाचं लहान मुलांचं टोक. ज्याला फिरणाऱ्या गोष्टी आवडतात त्याला पवनचक्की दिसेल अशी टेकडी, ज्याला रांगा आवडतात त्याला पुलावरून डबे मोजता येणारी मालगाडी. हे वाचून इतर आईबापांनीही आपापल्या मुलाचा नळ कोणता ते शोधावं.

वेळेच्या बाबतीत मी हट्टी आहे: ठिकाण उघडताक्षणी पोहोचायचं, आणि जमेल तर सुट्टीच्या वारी नाही. ऊन आणि गर्दी, दोन्ही वाढायच्या आत तुम्ही निघालेले असता. पहिल्या खेपेला ४० मिनिटं पुष्कळ झाली. जाण्याआधी फोन करून विचारा: ध्वनिक्षेपक कधी लागतात, सावलीतला शांत कोपरा आहे का, बाहेर जाऊन पुन्हा आत येता येतं का, रांगेत न थांबता सोडाल का. रांग या मुलांना फार जड जाते, कारण तिचा शेवट दिसत नाही. अशी सवलत मागताना संकोच करू नका. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर २०१६ साली सूर्यफुलांची नक्षी असलेली हिरवी पट्टी सुरू झाली. ती गळ्यात दिसली की या माणसाला जरा जास्त वेळ किंवा मदत लागू शकते, हे कर्मचाऱ्यांना न विचारता कळतं. पुढे ती बऱ्याच देशांत पोहोचली. अशी सोय नसली, तर तुमचा एक फोनही बरंच काम करतो.

स्वच्छतागृह आधी बघून ठेवा. तिथलं हात वाळवायचं यंत्र पुष्कळ मुलांना घाबरवतं, आणि मोठ्यांना ते कळत नाही, कारण मोठ्यांचे कान त्याच्यापासून वर असतात. कॅनडातल्या एका शाळकरी मुलीनं अशी ४४ यंत्रं मोजली होती, लहान मुलांच्या कानाच्या उंचीवरून. काहींचा आवाज १०० डेसिबलच्या पुढे गेला. २०१९ साली तिचं संशोधन बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात छापून आलं. तेव्हा आपला टॉवेल बरोबर न्या आणि शेजारचं माणूस यंत्राखाली हात धरायच्या आत बाहेर पडा. कान झाकणारे हेडफोन पिशवीत असू द्यात, पण डोक्यावरचा दाब काही मुलांना सोसत नाही, म्हणून ते घरी आधी घालून बघा.

आता मुलाची तयारी. शब्द कमी आहेत, तेव्हा चित्रं वापरा. चार फोटो पुरतील: गाडी, फाटक, पाणी, घर. शेवटचं घर हवंच. त्याला बघू दे की हे संपणार आहे आणि कुठे संपणार आहे. शब्द बरे समजणाऱ्या मुलांसाठी याचीच छोटी गोष्ट करतात, मुलाच्याच तोंडची: “मी बागेत जाईन. तिथे पाणी असेल. मोठा आवाज झाला तर मी कान झाकू शकतो.” कॅरोल ग्रे या शिक्षिकेनं १९९१च्या सुमारास ही पद्धत सुरू केली, तिला सोशल स्टोरी म्हणतात. रोज झोपताना एकदा, आठवडाभर वाचा.

घराचा फोटो वेगळाही एक काढून त्याच्या हातात किंवा खिशात द्या. तो त्यानं दाखवला की निघायचं. हे नीट पाळा. पाच मिनिटं झाली असली, लेक नुकतीच पाण्यात उतरली असली, तरी निघायचं. एकदा जरी तुम्ही “थांब जरा” म्हणालात, तर तो फोटो म्हणजे नुसता कागद होतो आणि मग सांगायला त्याच्याकडे चावणं आणि किंचाळणंच उरतं. लेकीचा विरस होऊ नये म्हणून परतायची सोय दुहेरी ठेवा: एकानं त्याला घेऊन निघायचं, दुसऱ्यानं तिच्याबरोबर थांबायचं. कोण निघणार ते घरून ठरवून जा, तिथे कुजबुजत ठरवायला नको. उलटही होऊ शकतं बरं का. त्याला निघायचंच नसेल. मग “चला” असं एकदम न म्हणता “आणखी तीनदा, मग घर” असं बोटांवर मोजून दाखवा.

उन्हाचं मात्र सावकाश वाचा, कारण इथे धोका आहे. भूक, तहान, गरम होणं, लघवीची घाई हे आतून कळण्याचं काम ऑटिझम असलेल्या कित्येक मुलांमध्ये मंद असतं किंवा कळलं तरी सांगता येत नाही. “तहान लागली का?” याला आलेलं “नाही” खरं धरू नका. घड्याळ लावून दर १५-२० मिनिटांनी त्याच्याच पेल्यातून चार घोट द्या. मुलाला औषधं चालू असतील तर जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. वर्तनासाठी आणि फिट्ससाठी दिली जाणारी काही औषधं घाम कमी करतात किंवा शरीराला उष्णता सांभाळणं अवघड करतात. चेहरा लालबुंद, अंग तापलेलं, मूल एकाएकी मलूल किंवा भलतंच चिडचिडं झालं, तर त्याला वागण्याची अडचण समजण्याआधी सावलीत न्या, पाणी पाजा, अंग ओल्या फडक्यानं पुसा. शुद्ध हरपते आहे किंवा गोंधळल्यासारखं वागतोय असं दिसलं, तर थेट दवाखाना गाठा.

टोपी, सनस्क्रीन, पोहण्याचे कपडे यांतलं काहीही त्या दिवशी पहिल्यांदा अंगावर चढवू नका. सनस्क्रीनचा चिकट थर पुष्कळांना सहन होत नाही. तेव्हा सैल, लांब बाह्यांचा सुती सदरा बरा, आणि जिथे क्रीम लागेलच तिथे हलक्या बोटांनी न चोळता दाबून लावा, किंवा त्यालाच लावू द्या. गुदगुल्यांसारख्या हलक्या स्पर्शापेक्षा ठाम, सपाट दाब या मुलांपैकी बऱ्याच जणांना सुखाचा वाटतो. कपड्यांच्या मानेजवळचे लेबल कापा. ओले कपडे अंगाला चिकटले की त्याला त्रास झाला होता, हे तुम्हीच लिहिलंय. मग कोरडे दोन जोड न्या आणि पाण्यातून बाहेर आल्या आल्या बदला.

आणि पाण्यापाशी एक मोठं माणूस फक्त त्याच्यासाठी, हात पोहोचेल इतक्या अंतरावर. फोन पिशवीत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत ऑटिझम असलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्या मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर एकदा तरी निसटून जायचा प्रयत्न केलेला आढळला, आणि निसटलेल्यांना मुख्य धोका रस्त्याचा आणि पाण्याचा होता. “तुझं लक्ष होतं ना?” “मला वाटलं तुझं आहे” हा संवाद कुणाच्याही घरात होऊ शकतो. म्हणून पाळी ठरवा आणि पाळी बदलताना मोठ्यानं सांगा: “आता माझ्याकडे आहे.” त्याच्या हातात किंवा सदऱ्याच्या आत तुमचा फोन नंबर असू दे. सवड मिळेल तसं त्याला पोहायला शिकवाच.

एवढं करूनही कधी तरी तो कोसळेल. त्याला मेल्टडाउन म्हणतात. मूल खाऊसाठी रडतं तेव्हा मधूनच तुमच्याकडे बघतं, मिळाला की थांबतं. इथे मागणी नसते; सोसायची हद्द संपलेली असते, म्हणून आमिषानं किंवा दरडावून ते थांबत नाही. त्या वेळी कमी बोला. एकच वाक्य, हळू: “मी इथे आहे.” शक्य असेल तर सावलीत, भिंतीकडे तोंड करून बसवा, लोकांना मागे व्हायला सांगा. “त्याला ऑटिझम आहे, थोडी मोकळी जागा द्या,” एवढं वाक्य घरून पाठ करून जा, म्हणजे ऐनवेळी रडू फुटत नाही. तो हात चावतो, तर चावायला दुसरं काही त्याच्या हाताशी असू दे. हात जोरानं खेचू नका. संपल्यावर प्रश्न विचारायचे नाहीत. पाणी, सावली, घर. दुसऱ्या दिवशी काहीही ठरवू नका, त्याचं शरीर अजून दमलेलं असतं.

लेकीशी एकदा निवांत बोला, पण भावाला समजून घे म्हणून सांगायला नको. ते ती १० वर्षांची होईपर्यंत शिकली आहे. गेल्या वर्षी तिला काय वाटलं ते विचारा, आणि “राग आला” असं ती म्हणाली तर तो राग राहू द्या. दोन्ही बेत तिला आधीच सांगा: हा तुझा दिवस, हा आपला सगळ्यांचा छोटा वेळ. त्या छोट्या वेळात तिला रखवालीचं काम देऊ नका.

तर यंदाचा पहिला बेत मी असा सुचवेन: वही भरून झाली की एका सकाळी, चौघं, जिथे वाहतं किंवा ठिबकतं पाणी आणि सावली आहे अशा जवळच्या जागी. टोपी आजपासूनच घरात घालायला लावा, पाच-पाच मिनिटं. तिथे गेल्यावर तो जिथे थांबेल तिथे थांबा, उकिडवं बसा, तो बघतोय ते बघा. फोटो हवा असेल तर त्याच्या मागून काढा, कॅमेऱ्याकडे बघ म्हणू नका. सासूबाईंना यायचं असेल तर त्यांनाही घ्या. त्यांनी त्याला थेंबाकडे बघताना एकदा बघावं.

आणि काय झालं ते मला कळवा. पंधरा मिनिटांत परत आलात, तरी कळवा.